बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट: काय तपासतात, का तपासतात आणि वेळेत का करायचं

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात. पेपरात आकडा येतो, दारांवर नोटिसा चिकटतात आणि पाऊस सुरू झाला की कुठेतरी एक इमारत बसते. २७ ऑगस्ट २०२५ ला, गणेशचतुर्थी उजाडायच्या आत, मध्यरात्री विरारच्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि १७ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न होता: "आपल्या बिल्डिंगचं ऑडिट झालंय का?" कुणीतरी उत्तर दिलं, "मागच्या वर्षीच तर रंग काढलाय." मग ग्रुप शांत.

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या कमिटीवर बरीच वर्षं काम करतोय. इंजिनिअर नाही. पण दोन ऑडिटं, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासण्या, जवळून पाहिल्या, अहवाल ओळ न् ओळ वाचले आणि न समजलेलं विचारून घेतलं. ते इथे माझ्यासारख्यांसाठी लिहितो आहे.

खांब आणि कनात

लग्नाचा मांडव आठवा. उभे खांब, त्यांवर आडवे वासे, वर कापड. बाजूने लावलेली कनात काढली तर वारा येईल, आत काय चाललंय ते दिसेल, पण मांडव उभा राहील. खांब काढला तर?

आपल्या बहुतेक इमारती अशाच आहेत. उभे खांब म्हणजे कॉलम, आडवे म्हणजे बीम आणि त्यांवरचं छत म्हणजे स्लॅब. स्लॅबचा भार बीमवर, बीमचा कॉलमवर, कॉलमचा पायावर. मधल्या विटांच्या भिंती बऱ्याच इमारतींत नुसत्या कनाती असतात. "बऱ्याच" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण जुन्या इमारतींत काही भिंतीच भार पेलतात, त्यांना कॉलम नसतातच. कोणती भिंत कनात आहे आणि कोणती खांब, हे वरून ठोकून कळत नाही. नकाशा लागतो आणि तो वाचणारा लागतो.

२५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळली, १७ जण मेले. तळमजल्यावर फेरफाराचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप होऊन गुन्हा दाखल झाला. त्याआधी सप्टेंबर २०१३ मध्ये डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केटची इमारत पडली, ६१ बळी. ती खुद्द महापालिकेची, वर राहणारी कुटुंबंही पालिका कर्मचाऱ्यांची. तिथेही तळमजल्यावर केलेल्या बदलांकडे बोट दाखवलं गेलं. तळमजल्याचा कॉलम वरच्या सगळ्या मजल्यांचा भार वाहतो. त्यामुळे दुकान थोडं मोठं दिसावं म्हणून त्याला छिन्नी लावणं हा वरच्या प्रत्येक घराचा प्रश्न असतो, त्या एका गाळ्याचा नव्हे.

लोणच्यावरचं तेल

आता इमारत म्हातारी कशी होते ते पाहू. इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून त्यात लोखंडी सळया घालतात. लोखंड गंजतं हे सगळ्यांना माहीत आहे, मग आतली सळई चाळीस-पन्नास वर्षं गंजत का नाही? कारण ताजं काँक्रीट चुन्यासारखं चांगलंच अल्कधर्मी असतं आणि त्या वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर धरतो. कैरीच्या लोणच्यावर बोटभर तेल उभं असतं तसं. तेल आहे तोवर बुरशी शिरत नाही.

पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये झिरपत राहतो आणि त्याचा अल्कधर्मी गुण बाहेरून आतल्या बाजूला कमी करत जातो. याला कार्बोनेशन म्हणतात. म्हणजे तेल हळूहळू खाली जातं. मुंबई, वसई, रत्नागिरी, पणजी अशा किनाऱ्यावरच्या गावांत खाऱ्या हवेतलं मीठही आत शिरतं आणि ते हा थर आणखी लवकर फोडतं. सळई उघडी पडली आणि त्यात गच्चीतून किंवा संडास-बाथरूममधून पाणी झिरपत असेल, तर गंज सुरू झालाच.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, दोनपट ते सहापटसुद्धा. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काठोकाठ कोरडे हरभरे भरून पाणी ओतलं तर सकाळी काय होईल? हरभरा फुगणार आणि बरणीला तडा जाणार. सळई आतून अशीच फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते. बीमच्या खालच्या अंगाला सळईला समांतर लांबच लांब भेग दिसते ती ही. त्यावर सिमेंट चोपडून रंग मारला की भेग दिसेनाशी होते, हरभरा मात्र भिजतच राहतो. उलट पुढची दोन-तीन वर्षं कुणाचं तिकडे लक्षही जात नाही. मला विचाराल तर पैसे खर्चून केलेलं हे सगळ्यात वाईट काम.

ऑडिट करणारा माणूस करतो काय

आमच्या पहिल्या ऑडिटच्या दिवशी इंजिनिअर आले तेव्हा त्यांच्या हातात एक छोटी हातोडी होती. पार्किंगमधला एकेक कॉलम ते ठोकत चालले होते आणि आम्ही पाच-सहा जण मागे. टण, टण, टण. जिन्याजवळच्या कॉलमवर आवाज बदलला: बद्द. त्यांनी पुन्हा ठोकलं. बद्द. "इथलं काँक्रीट आतून सुटलंय," ते म्हणाले. त्या कॉलमला आम्ही दर दिवाळीत तोरण बांधायचो.

मग त्यांनी तिथलं प्लास्टर काढायला लावलं, काँक्रीटचा थोडा भाग फोडला आणि ताज्या तुटलेल्या जागेवर एका बाटलीतून पाण्यासारखं काहीतरी फवारलं. ते फिनॉल्फ्थॅलिन होतं, दहावीच्या प्रयोगवहीतला दर्शक. जिथे काँक्रीट अजून निरोगी आहे तिथे तो गडद गुलाबी होतो, जिथे कार्बोनेशन झालंय तिथे रंगच येत नाही. आमच्या कॉलमवर बाहेरचा पट्टा राखाडीच राहिला, सळईच्या मागे कुठेतरी गुलाबी सुरू झालं. तेलाच्या थराबाहेर आलेली फोड आम्हाला समोर दिसत होती. तोवर "कशाला उगाच खर्च" म्हणणारे आमचे एक काका खाली वाकून बराच वेळ त्या रेषेकडे बघत राहिले. सभेत तासभर बोलून जे मला पटवता आलं नव्हतं ते त्या बाटलीने केलं.

बाकीच्या चाचण्या थोडक्यात सांगतो. रिबाउंड हॅमर म्हणजे स्प्रिंगचा हातोडा. तो पृष्ठभागावर आपटून किती उसळतो त्यावरून वरच्या थराच्या टणकपणाचा अंदाज येतो. अल्ट्रासोनिक चाचणीत एका बाजूने ध्वनिलहरी सोडून दुसऱ्या बाजूला त्या किती वेगाने पोचतात ते मोजतात. आत पोकळ्या किंवा भेगा असतील तर लहर रेंगाळते. हाफ-सेल चाचणी सळईच्या गंजाची शक्यता विजेच्या दाबावरून सांगते. आणि सगळ्यात खात्रीची म्हणजे कोअर: काँक्रीटचा दंडगोल तुकडा कापून प्रयोगशाळेत चिरडून त्याची ताकद मोजायची.

यातली एकच चाचणी करून निष्कर्ष काढणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ताप मोजून कुणी हृदयाचं ऑपरेशन ठरवत नाही.

सी-१ पासून सी-३ पर्यंत

अहवालाच्या शेवटी एक वर्ग लिहिलेला असतो आणि सगळे आधी तोच शोधतात. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य: ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, गरज पडल्यास काही भाग पाडून. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना संरचनेची दुरुस्ती करता येईल. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

या चार पायऱ्यांकडे मी वेळापत्रक म्हणून बघतो. आजची सी-१ इमारत कधीतरी सी-३ होती. सी-३ असताना तज्ज्ञ बोलावला असता तर प्रश्न एवढाच होता की परांची कधी बांधायची आणि पैसे किती हप्त्यांत गोळा करायचे. सी-२बीला तो मोठ्या खर्चाचा होतो. सी-२एला भाड्याचं घर शोधावं लागतं. सी-१ला पोलीस दारात असतात आणि विचारायला काही उरत नाही. गंज तोच, सळई तीच. तज्ज्ञाच्या सल्ल्याची खरी किंमत इथे आहे: तो जितका लवकर घ्याल तितके पर्याय तुमच्या हातात असतात.

कायदा काय सांगतो

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार इमारतीला ३० वर्षं झाली की मालकाने किंवा सोसायटीने पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यायची आणि त्यानंतर दर दहा वर्षांनी पुन्हा. राज्यातल्या इतर महापालिकांसाठीही अशीच तरतूद आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींची, म्हणजे सोसायटी चालवायच्या नमुना नियमावलीची, अपेक्षा याहून कडक आहे: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी, ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी.

जबाबदारी मालकावर आहे, पालिकेवर नाही. नोटीस आली नाही म्हणजे इमारत चांगली आहे असा अर्थ कुठल्याच कलमात नाही.

"पण आमची बिल्डिंग नवी आहे"

२४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली, १६ जण मेले. ती जुनी म्हणावी अशी मुळीच नव्हती. विरारची इमारतही जेमतेम तेरा वर्षांची. बांधतानाच माल हलका असेल, वाळू खारी असेल, परवानगीपेक्षा जास्त मजले चढवले असतील, तर ३० वर्षांचा हिशेब कामाचा नाही. वयाची अट ही कमीत कमी आहे. कॉलमवर भेग, बीममधून डोकावणारी गंजकी सळई, सतत ओली राहणारी स्लॅब, खाली झुकलेला छज्जा, यातलं काही दिसलं तर इमारत आठ वर्षांची असली तरी माणूस बोलवा.

छज्जा आणि बाल्कनीबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. हात समोर ताठ धरून त्यात पाण्याची बादली घ्या, खांद्याच्या वरच्या बाजूला ताण येतो. बाल्कनीतही मुख्य सळया वरच्या अंगाला असतात आणि पाणी नेमकं वरूनच मुरतं. खालून सगळं छान दिसत असताना वरची सळई खाल्लेली असू शकते. बाल्कनीत मातीच्या जड कुंड्यांची रांग किंवा पाण्याची टाकी ठेवण्याआधी हे आठवा.

"आमचा मिस्त्री सगळं जाणतो"

चांगल्या मिस्त्रीचा हात मी कधी कमी लेखणार नाही. गळती कुठून येते हे तो वासावरून सांगतो. पण कॉलम किती भार पेलतो आणि दुरुस्ती करताना त्याला टेकू किती, कुठे आणि किती दिवस लावायचे, हे गणित आहे. टेकू न लावता कॉलम फोडायला घेणं म्हणजे बैलगाडी चालू असताना चाक काढणं. शिवाय जो तपासतो त्यानेच दुरुस्तीचं कंत्राट घेऊ नये. तपासणारा, दुरुस्ती करणारा आणि कामावर देखरेख करणारा यांचे पैसे एकाच खिशात जाऊ लागले की अहवाल फुगतो.

"ऑडिट म्हणजे बिल्डरचा डाव"

ही भीती खोटी नाही. चांगली इमारत मुद्दाम सी-१ दाखवून लोकांना बाहेर काढल्याच्या तक्रारी झाल्या आहेत, खास करून जिथे मालक एक आणि भाडेकरू अनेक. म्हणूनच मुंबईत उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर पद्धत ठरली की मालक आणि रहिवासी यांचे अहवाल परस्परविरोधी असतील तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. इमारत पाडण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप नोंदवायचं असतं आणि इमारत रिकामी केल्याने किंवा पाडल्याने रहिवाशांचे हक्क संपत नाहीत.

एका अहवालावर विश्वास नसेल तर दुसरा तज्ज्ञ आणावा. अविश्वास आहे म्हणून तपासच नको, हा मार्ग मला कधी पटला नाही. त्यात बिल्डरचं काही जात नाही.

"कागदी ऑडिट काय कामाचं?"

हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी सीएसएमटी स्टेशनजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि सात जणांचा जीव गेला. त्या पुलाचं ऑडिट झालेलं होतं. किरकोळ दुरुस्ती पुरेल असा शेरा होता. नंतर ऑडिटरला अटक झाली.

म्हणजे सही-शिक्का असलेला प्रत्येक कागद हा सल्ला नसतो. मग सामान्य माणसाने ओळखायचं कसं? अहवालात प्रत्येक भेगेचा फोटो आणि ती कुठल्या कॉलमवर आहे याची खूण आहे का, बघा. चाचण्या कुठल्या जागी घेतल्या ते नकाशावर दाखवलंय का? इंजिनिअर प्रत्येक घरात गेला होता, की तळमजला आणि गच्ची बघून चहा पिऊन परतला? कोअर काढले का? दर सगळ्यात कमी लावणाऱ्याला काम देताना हेही विचारा की त्या पैशात तो किती चाचण्या करणार आहे. आणि अहवाल आल्यावर इंजिनिअरला सभेला बोलवा, सगळ्यांसमोर मराठीत समजावून सांगायला लावा. ज्याने खरोखर तपासलंय तो टाळाटाळ करत नाही.

अहवाल कपाटात, इमारत जमिनीवर

अमेरिकेत मायामीजवळ सर्फसाइड गावी शॅम्पलेन टॉवर्स साउथ ही समुद्रकाठची बारा मजली इमारत होती, १९८१ सालची. २०१८ मध्ये तिथल्या मालक-संघटनेने नेमलेल्या इंजिनिअरने लिहून दिलं होतं की पोहण्याच्या तलावाभोवतीच्या डेकवरचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय, उतार नसल्याने पाणी साचतं आणि खालच्या स्लॅबचं मोठं नुकसान होतंय. इमारत पडेल असं त्यात म्हटलं नव्हतं, पण दुरुस्ती पुढे ढकलू नका असा सूर स्पष्ट होता. खर्चाचा आकडा मोठा होता, त्यावर वाद झाले, कमिटीतले लोक राजीनामे देऊन गेले. २०२१ च्या वसंतात अंदाज दीड कोटी डॉलरवर पोचला होता. २४ जून २०२१ च्या मध्यरात्रीनंतर इमारतीचा मोठा भाग काही सेकंदांत खाली आला. ९८ माणसं गेली.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला आमच्याच सोसायटीच्या सभा दिसल्या. "पुढच्या एजीएमला बघू." "वरच्या मजल्यावाल्यांनी जास्त द्यावं, गळती त्यांची आहे." "मी तर विकूनच जाणार आहे." देश वेगळा, वाक्यं तीच. इमारत एजीएमची वाट बघत नाही. सल्ला घेऊन तो अमलात आणायची तयारी नसेल तर अहवाल फक्त एवढंच सिद्ध करतो की आपल्याला माहीत होतं.

तयारी म्हणजे काय

पहिली तयारी पैशांची. उपविधींप्रमाणे सोसायटीने प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दर वर्षी दुरुस्ती निधीसाठी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी गोळा करायचे असतात. सिंकिंग फंड म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी राखून ठेवलेली पुंजी. अनेक सोसायट्या मेंटेनन्स कमी दिसावा म्हणून हे आकडे दाबून ठेवतात आणि मग एके दिवशी प्रत्येक घराकडे लाखांत मागणी येते. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला महिन्याचे पाचशे रुपये जड जात नाहीत, एकदम मागितलेले तीन लाख मोडून टाकतात.

दुसरी तयारी कागदांची. मंजूर नकाशे, आरसीसीचे (म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचे) आराखडे, भोगवटा प्रमाणपत्र, जुने अहवाल, कोणत्या घरात कधी कुठली भिंत पाडली याची नोंद. आमचे आरसीसी आराखडे तीन सेक्रेटरींच्या माळ्यांवर शोधून शेवटी मिळाले, कसरीने अर्धे खाल्लेले. ते नसले की इंजिनिअरला सळया कुठे आहेत ते यंत्राने शोधावं लागतं आणि खर्च वाढतो.

तिसरी तयारी नजरेची. संशयास्पद भेगेवर काचेची छोटी पट्टी दोन्ही कडांना चिकटवून तारीख लिहून ठेवतात. भेग हलली की काच तडकते. तज्ज्ञाच्या दोन भेटींमध्ये ही काच राखण करते.

आणि चौथी तयारी रात्रीची. कालपर्यंत सहज लागणारं दार अचानक अडकू लागलं, कॉलमचं प्लास्टर आपोआप सुटून पडू लागलं, कडकड आवाज आला, लादी फुगून उचलली गेली, तर तज्ज्ञाची वाट बघायची नाही. आधी सगळ्यांनी बाहेर, जिन्याने, मग अग्निशमन दलाला १०१ वर फोन. कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलेलं आहे आणि त्यांना कोण उचलणार, हे आधी ठरलेलं असावं.

ऑक्टोबर २०२० मध्ये डोंबिवलीच्या कोपर भागात अठरा वर्षांचा एक मुलगा पहाटे चारपर्यंत मोबाइलवर वेबसिरीज बघत जागा होता. त्याला स्वयंपाकघराचा भाग पडताना दिसला. त्याने घरच्यांना उठवलं, मग दारं वाजवत शेजाऱ्यांना. सुमारे ७५ जण रस्त्यावर आले आणि थोड्याच वेळात ती दुमजली इमारत कोसळली. इमारत धोकादायक असल्याचं पालिकेने काही महिने आधीच जाहीर केलं होतं. म्हणजे सल्ला दारात पोचलेला होता, आणि तरीही त्या रात्री त्या ७५ जणांचा जीव वाचला तो एका मुलाला झोप लागली नव्हती म्हणून.

आमच्या जिन्याजवळच्या कॉलमला आता लोखंडी जाळी आणि नव्या काँक्रीटचं जॅकेट आहे, त्यामुळे तो शेजारच्या कॉलमपेक्षा चार बोटं जाड दिसतो. काम चालू होतं तेव्हा सव्वा महिना तिथे टेकू उभे होते, मुलांना सायकली फिरवायला जागा नव्हती आणि रोज कुणीतरी कुरकुरायचं. पुढचं ऑडिट कधी करायचं ती तारीख काकांनी स्वतः नोटीस बोर्डावर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.